राकेलवर उडणारीं छोटीं जेट विमानें

विज्ञानाच्या तासास विमानांचा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हटकून विचारला जातो. प्रवासी विमानाच्या पंखाखालीं जें भलें मोठें जेट इंजिन दिसतें, तसेंच इंजिन दोन्ही हातांत धरतां येईल इतकें लहान करतां येईल काय, आणि तें बसविलेलें विमान जमिनीवर उभें राहून उडवितां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें आहे. गेलीं चाळीस वर्षें हा उद्योग युरोप, अमेरिका व इतर देशांत चालू आहे. तो करणारे पुष्कळजण पोटापाण्याकरितां दुसराच व्यवसाय करितात व फावल्या वेळीं ही विद्या जोपासतात. पालकांचा प्रश्न मात्र निराळा असतो. 'असल्या खेळानें मुलाच्या अभ्यासाचें काय भलें होणार?' असें ते विचारतात. तो प्रश्नहि योग्यच आहे. दोहोंचीं उत्तरें एकत्र शोधावीं या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हीं विमानें म्हणजे बाजारांत मिळणारीं खेळणीं नव्हेत. त्यांची लांबी पुष्कळदां दोन ते तीन मीटर भरते, आणि इंधन घातल्यावर वजन दहा किलोपासून वीस-पंचवीस किलोपर्यंत जातें. एखाद्या खऱ्या लढाऊ विमानाचीं मापें घेऊन त्याच प्रमाणांत लहान केलेली अशी ती प्रतिकृति असते. तिच्या पोटांत खरेंखुरें गॅस टर्बाइन असतें. तें राकेल जाळतें, मोठ्या विमानासारखा आवाज करितें व मागें तप्त झोत सोडतें. वैमानिक मात्र विमानांत बसत नाहीं. तो धांवपट्टीच्या कडेस उभा राहून बिनतारी यंत्राच्या योगानें सुकाणू, पंखांवरील झडपा, चाकें, ब्रेक व इंजिन हीं सर्व चालवितो.

या छोट्या विमानांचा संबंध मोठ्या जेट विमानाच्या जन्माशींहि पोंचतो. जेट इंजिनाच्या जनकांपैकीं एक, फ्रँक व्हिटल, यांचा जन्म १९०७ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें झाला. हवाईदलांत उमेदवार म्हणून शिरण्याचा त्यांनीं प्रयत्न केला तेव्हां त्यांची उंची अवघी पांच फूट होती, व शरीरपरीक्षेंत त्यांस नाकारण्यांत आलें. त्यांनीं धीर सोडला नाहीं. व्यायाम केला, पुन्हां अर्ज केला, आणि १९२३ सालीं क्रॅनवेल येथें उमेदवार म्हणून त्यांस प्रवेश मिळाला. तेथें नमुना-विमानें बांधणाऱ्या मुलांचें एक मंडळ होतें. त्यांत ते पुढाकार घेत. त्या विमानांवरील नेटकें काम वरिष्ठांच्या नजरेस आलें, व पुढें अधिकारीपदाच्या शिक्षणाकरितां व्हिटल यांची जी शिफारस झाली तिच्या कारणांपैकीं हें एक कारण होतें.

जानेवारी १९३० मध्यें व्हिटल यांनीं जेट इंजिनाच्या पेटंटाकरितां अर्ज केला. सरकारी खात्यानें त्याकडे लक्ष दिलें नाहीं. १९३५ सालीं तें पेटंट चालू ठेवण्याकरितां पांच पौंड भरावयाचे होते; तेवढे पैसे खर्चण्याची त्यांची ऐपत नसल्यामुळें पेटंट बुडालें. तरी काम थांबलें नाहीं. १२ एप्रिल १९३७ रोजीं त्यांचें इंजिन प्रथम चाललें, व १५ मे १९४१ रोजीं त्याच क्रॅनवेलहून ग्लॉस्टर कंपनीनें बांधलेलें जेट विमान त्यांच्या इंजिनावर उडालें. दरम्यान जर्मनींत हान्स फॉन ओहाइन यांनीं स्वतंत्रपणें रचिलेल्या इंजिनावर हाइंकेल कंपनीचें विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजींच आकाशांत गेलें होतें. नमुना-विमानें बांधणें हा निव्वळ पोरखेळ आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं व्हिटल यांच्या उमेदवारीच्या वर्षांकडे एकदां पाहावें.

मोठें इंजिन साधल्यावर लहान करणें सोपें असावें असें कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं, कारण यंत्राचे सर्व गुण एकाच प्रमाणांत लहान होत नाहींत. फिरणाऱ्या चाकाचीं पातीं व भोंवतालचें कवच यांच्यामध्यें थोडी फट ठेवावीच लागते. नाहीं तर पातीं कवचास घासतील. मोठ्या इंजिनांत, जेथें पातीं हातभर लांब असतात, तेथें एका मिलिमीटरची फट फारशी बाधत नाहीं. छोट्या इंजिनांत पात्याची उंचीच एका सेंटिमीटरच्या आसपास असते. तेथें तेवढीच फट म्हणजे उंचीचा दहावा हिस्सा झाला, व दाबलेली हवा काम न करितां तेथूनच निसटणार. म्हणून ही फट मिलिमीटरच्या दहाव्या-पांचव्या हिश्श्याइतकी बारीक ठेवावी लागते, आणि चाक तापून फुगलें तरी तें कवचास लागतां कामा नये. शिवाय हवेच्या अरुंद वाटांत घर्षण तुलनेनें अधिक होतें, व इंधन पुरतें जळण्यास जागा आणि वेळ हीं दोन्ही थोडीं मिळतात. या अडचणींमुळें घरगुती कार्यशाळेंत असें इंजिन होणें कठीण, असाच पुष्कळांचा समज होता.

मार्च १९८३ मध्यें इंग्लंडांत कांहीं हौशी कारागिरांनीं टर्बाइनवर चालणारें नमुना-विमान यशस्वी रीतीनें उडवून दाखविलें. त्याच्या इंजिनांत प्रोपेन वायु जळत असे. पुढें फ्रान्समध्यें अशाच वायूवर चालणारीं छोटीं इंजिनें विक्रीस आलीं. परंतु सामान्य हौशी मनुष्याच्या आटोक्यांत ही विद्या आणण्याचें श्रेय जर्मनींतील कुर्ट श्रेक्लिंग यांस दिलें पाहिजे. साध्या लेथवर व साध्या हत्यारांनीं करितां येईल असें इंजिन त्यांनीं रचिलें. हवा दाबणारें चाक त्यांनीं चक्क प्लायवुडाचें केलें व त्यास कार्बनच्या तंतूंचें बळकट वेष्टन दिलें! टर्बाइनचें चाक धातूच्या जाड पत्र्यांतून कापलें व त्याचीं पातीं पिळून तिरपीं केलीं.

इंजिनांत लांकूड टिकतें तरी कसें, असें विद्यार्थी विचारतील. त्याचें उत्तर असें कीं, हवा दाबणाऱ्या चाकाकडे उष्णता बेताची असते. खरी आग मागल्या बाजूस. कोणत्या भागास किती ताप व किती ताण सोसावयाचा आहे याचा नेमका हिशेब केला म्हणजे महाग धातूच्या जागीं लांकूडहि चालतें. श्रेक्लिंग यांनीं आपली कृति गुप्त ठेविली नाहीं. १९९० च्या दशकाच्या आरंभीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्याच दशकांत थॉमस कांप्स यांनीं मोटारगाडीच्या टर्बोचार्जरमधील तयार चाक घेऊन करतां येण्याजोग्या इंजिनाची कृति पुस्तकांत दिली. त्या वळणाचें 'केजे-६६' नांवाचें इंजिन हौशी मंडळींत फार प्रसिद्ध झालें. ६६ हा आंकडा त्याच्या पुढील चाकाचा मिलिमीटरांतील व्यास होय. निरनिराळ्या देशांतील लोकांनीं हे नकाशे पाहून आपापल्या घरीं इंजिनें केलीं. आज कारखान्यांतून तयार मिळणाऱ्या अनेक इंजिनांची मूळ घडण त्याच धर्तीची आहे.

आतां हें इंजिन चालतें कसें तें पाहूं. तें समजण्यास आपल्या परिचयाच्या तीन वस्तु पुरेशा आहेत : लोहाराचा भाता, पंपाचा स्टोव्ह व जत्रेंतील कागदी भिंगरी.

लोहार भात्यानें निखाऱ्यांवर वारा घालतो तेव्हां आंच वाढते, कारण कोळशास अधिक हवा मिळते. इंजिनाच्या तोंडाशीं असलेलें चाक हेंच काम करितें. तें मध्यभागानें हवा ओढून घेतें व कडेकडे जोरानें फेंकतें. कडेस स्थिर पात्यांचें एक कडें असतें; त्यांतून जातांना हवेचा वेग कमी होतो व त्या मोबदल्यांत दाब वाढतो. अशा रीतीनें आंतील हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या दुपटी-तिपटीपर्यंत चढतो. व्हिटल यांच्या पहिल्या इंजिनांतहि हवा कडेकडे फेंकणारें चाकच होतें. म्हणजे या बाबतींत हें छोटें इंजिन आजच्या प्रवासी विमानाच्या इंजिनापेक्षां १९४१ सालच्या इंजिनाचें अधिक जवळचें आप्त होय.

पंपाचा स्टोव्ह पेटवितांना प्रथम काकड्यानें बर्नर तापवावा लागतो, हें घरोघरच्या वडील मंडळींस ठाऊक आहे. बर्नर तापला म्हणजे त्यांतील राकेलाची वाफ होते, व ती वाफ निळ्या ज्योतीनें जळते. बर्नर थंड असला तर पिवळ्या ज्वाला उठतात व काजळी धरते. छोट्या टर्बाइनाच्या ज्वलनकक्षांत अगदीं हाच प्रकार आहे. हा कक्ष म्हणजे भोंकें पाडलेल्या पातळ पत्र्याचें एक पोकळ कडें असून त्यांत बोटभर लांबीच्या नळ्या बसविलेल्या असतात. त्या नळ्या ज्वालेंतच असल्यामुळें तापतात, त्यांत सोडलेल्या राकेलाची वाफ होते व ती हवेशीं मिसळून जळते. आरंभीं नळ्या थंड असतात. म्हणून पूर्वीं प्रोपेनसारखा वायु जाळून त्या तापवीत. हल्लींच्या पुष्कळ इंजिनांत विजेनें तापणारी एक कांडी थेट राकेलच पेटविते.

जळून फुगलेली हवा मागें धांवूं लागते व टर्बाइनच्या चाकावर तिरपी आदळते. जत्रेंतील भिंगरी वाऱ्यानें फिरते तसें तें चाक फिरतें. पुढील व मागील अशीं दोन्ही चाकें एकाच दांड्यावर बसविलेलीं असतात. मागलें चाक पुढल्यास फिरवितें, पुढलें चाक मागल्यास हवा पुरवितें, आणि इंधन मिळत आहे तोंवर हें रहाटगाडगें चालू राहतें. चाक फिरवून जी शक्ति उरते ती झोताच्या रूपानें बाहेर पडते. झोत मागील हवेस रेटतो म्हणून विमान पुढें जातें, अशी एक चुकीची समजूत आहे. हवा मागें फेंकण्याकरितां इंजिनानें जें बल लाविलें, तितक्याच बलानें ती हवा इंजिनास पुढें ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

आतां थोडे आंकडे घेऊं. सुमारे १०० न्यूटन, म्हणजे दहा किलो वजनाइतका रेटा देणारें इंजिन स्वतः एक किलोहून थोडेंच जड असतें. तें दर सेकंदास सुमारे पाव किलो हवा घेतें व सेकंदास सुमारे ४०० मीटर वेगानें मागें फेंकतें, ०.२५ गुणिलें ४०० बरोबर १००, असा त्याचा सरळ हिशेब आहे. हवा दाबतांना ती सुमारे १०० अंशांनीं तापते असें धरलें, तर पाव किलो हवेस सेकंदाला २५ किलोज्यूल शक्ति द्यावी लागते. म्हणजे तळहातावर मावणारें तें टर्बाइनचें चाक केवळ पुढलें चाक फिरविण्याकरितां २५ किलोवॅट, अर्थात् ३० अश्वशक्तीहून अधिक, काम करितें.

याहून आश्चर्यकारक गोष्ट फिरण्याच्या वेगाची. ६६ मिलिमीटर व्यासाचें चाक मिनिटास १ लाख २० हजार फेरे घेऊं लागलें म्हणजे त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे ४१५ मीटर होतो. ध्वनीचा वेग हवेंत सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. त्या कडेवरील एका ग्रॅमचा कण जागीं धरून ठेवण्यास सुमारे ५३० किलो वजनाइतकें बल लागतें. यावरून चाकाचें संतुलन किती काटेकोर असलें पाहिजे याची कल्पना येईल. टर्बाइनचें चाक तर लाल होण्याइतक्या उष्णतेंत हा ताण सोसतें. म्हणून तें निकेलप्रधान मिश्र धातूचें ओतलेलें असतें. दांड्याच्या बेअरिंगांस तेल देण्याची युक्ति मोठी सुटसुटीत आहे. इंधनांतच वीस भागांस एक भाग या प्रमाणांत तेल मिसळितात, व त्या मिश्रणाची एक बारीक धार बेअरिंगांकडे वळवितात.

विमानाचें शरीर बांधणें ही वेगळीच कला आहे. बाल्सा नांवाचें अत्यंत हलकें लांकूड, प्लायवुड, कांचतंतूंचें कापड व कार्बनतंतू हीं त्याचीं मुख्य साधनें. मोठें विमान बांधावें तों वजनाचा प्रश्न बिकट होतो. लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली कीं पंखांचें क्षेत्रफळ चौपट होतें, पण वजन आठपट होतें. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर दुप्पट भार येतो, व विमान हवेंत टिकून राहण्यास अधिक वेग लागतो. म्हणून जाणता कारागीर ताकद हवी तेथेंच देतो व बाकी ठिकाणीं ग्रॅम-ग्रॅम वाचवितो. गुरुत्वमध्य नकाशांत दाखविलेल्या जागीं आला पाहिजे. तो मागें सरकला तर विमान वैमानिकाचें ऐकेनासें होतें.

इंधनाच्या टाकीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. विमान कलंडलें, उलटें झालें, म्हणजे टाकींतील नळी क्षणभर हवेंत उघडी पडूं शकते. तेथून एक बुडबुडा इंजिनापर्यंत गेला कीं ज्वाला विझते, आणि विझलेलें इंजिन आकाशांत पुन्हां पेटेलच असा भरंवसा नसतो. म्हणून मुख्य टाकी व पंप यांच्यामध्यें आणखी एक छोटी टाकी ठेवितात. ती नेहमीं भरलेली असते. येणारा बुडबुडा तिच्यांतच अडकतो व इंजिनास निर्भेळ राकेल मिळतें. सारें विमान कितीहि सुंदर असो, त्याचें प्राणरक्षण ही साधी डबी करिते.

इंजिनाचा कारभार एका छोट्या विद्युत्-यंत्राकडे असतो. फेऱ्यांचा वेग व झोताची उष्णता तें सतत मोजतें व त्यावरून इंधनपंपास हुकूम देतें. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर तें इंजिन बंद करितें. बंद केल्यावरहि तें विद्युत्-मोटारीनें चाक फिरवीत ठेवून आंत थंड हवा खेळवितें, म्हणजे बेअरिंगें भाजून निघत नाहींत.

बिनतारी संदेशांची व्यवस्थाहि पाहण्यासारखी आहे. पूर्वीं प्रत्येक वैमानिकाचा संदेश एका ठराविक लहरींवर चाले. दोघांनीं एकाच लहरीचे यंत्र चालू केलें तर एकाचें विमान तत्काल कोसळे. म्हणून मैदानावर एक फळी असे, व तीवरील आपल्या लहरीची खुंटी हातीं असल्याशिवाय यंत्र चालू करावयाचें नाहीं असा दंडक असे. चालू शतकाच्या पहिल्या दशकापासून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरील नवीन पद्धति प्रचारांत आली. तींत प्रत्येक यंत्र आपल्याच विमानास ओळखतें, त्यामुळें खुंट्यांची गरज बहुतांशीं राहिली नाहीं. तरीहि संदेश तुटल्यास इंजिन बंद पडावें किंवा अगदीं मंद व्हावें, अशी तजवीज आधींच करून ठेवावी लागते.

आतां उड्डाणाकडे वळूं. ताशीं २५० किलोमीटर वेगानें जाणारें विमान एका सेकंदांत सुमारे ७० मीटर अंतर तोडतें. सात सेकंदांत तें अर्धा किलोमीटर दूर जातें. तेथें दोन मीटर रुंदीचें विमान, हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढें दिसतें. तें आपणांकडे येत आहे कीं दूर जात आहे, हेंहि कळेनासें होतें. म्हणून वैमानिकाचें मन विमानाच्या पुढें धांवलें पाहिजे. पुढील वळण कोठें घ्यावयाचें हें त्यानें आधींच ठरविलेलें असलें पाहिजे. उतरतांना तर अधिकच सावध राहावें लागतें. टर्बाइनास मंद गतीवरून पूर्ण गतीवर येण्यास कांहीं सेकंद लागतात. धांवपट्टी हुकली असें दिसल्यावर शेवटच्या क्षणीं इंजिन वाढवूं गेल्यास विमान तोंवर जमिनीस लागलेलें असतें. परत वर जावयाचें असेल तर तो निर्णय लवकर घ्यावा लागतो. शिवाय इंधन संपत असतें. पूर्ण जोरानें चाललें तर १०० न्यूटनचें इंजिन मिनिटास सुमारे ४०० मिलिलिटर राकेल पितें. म्हणून वैमानिक घड्याळ लावूनच विमान सोडितो.

वेगाची परिसीमा पाहावयाची असेल तर एक नोंद पुरेशी आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजीं जर्मनींतील बालेनश्टेट येथें एका नमुना-जेट विमानाचा वेग ताशीं ७४९.२२१ किलोमीटर मोजला गेला. असा वेग सामान्य मैदानावर मात्र कोणी काढूं नये, व काढूंहि दिला जात नाहीं. अमेरिकेंतील नमुना-विमानांच्या राष्ट्रीय संस्थेनें टर्बाइन-विमानांस ताशीं २०० मैलांची मर्यादा घातली, व असें विमान उडविणाऱ्यानें आपलें कौशल्य दाखवून परवाना घेतला पाहिजे असा नियम केला. आपल्या देशांत २०२१ सालच्या ड्रोन-नियमांनीं आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडले आहेत; पिवळ्या व लाल भागांत परवानगीवांचून कोणतेंहि वैमानिकरहित विमान उडवितां येत नाहीं.

हे नियम कोणास जाचक वाटतील. त्यांनीं पुढील हिशेब पाहावा. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशीं १४० किलोमीटर वेगानें आला तर त्याची गतिज शक्ति सुमारे १२० ज्यूल असते. त्या चेंडूचा मार किती, हें आमच्या खेळाडूंस विचारावें. पंधरा किलो वजनाचें विमान सेकंदास ७० मीटर वेगानें जात असतां त्याची शक्ति ३६,७५० ज्यूल होते. म्हणजे असे तीनशें चेंडू एकवटले. त्यांत भरीस पेटतें इंजिन व दोन-तीन लिटर राकेल. म्हणूनच विमान प्रेक्षकांच्या डोक्यावरून नेऊं नये हा पहिला नियम आहे. इंजिन चालू करितांना आग विझविण्याचें साधन घेऊन एक माणूस जवळ उभा असतो. चाकांच्या रेषेंत, म्हणजे इंजिनाच्या अगदीं बाजूस, कोणास उभें राहूं देत नाहींत; कारण चाक फुटलें तर त्याचे तुकडे त्याच दिशेस उडतील. गवत वाळलेलें असेल तर कित्येक ठिकाणीं त्या दिवशीं उड्डाणच होत नाहीं.

या विद्येंतील खरी कसोटी आमच्या मतें येथेंच लागते. दोन वर्षें रात्रीं जागून एखाद्यानें विमान बांधलेलें असतें. पैसा पुष्कळ खर्च झालेला असतो. मैदानावर मित्रमंडळी जमलेली असते, लहान मुलें उत्सुकतेनें पाहत असतात. इंजिन सुरू होतें, परंतु त्याची उष्णता नेहमींपेक्षां थोडी अधिक दिसते, किंवा एखादी झडप हलतांना किंचित् अडखळते. बहुधा कांहीं होणार नाहीं, असें मन म्हणूं लागतें. अशा वेळीं जो इंजिन बंद करून विमान मुकाट्यानें गाडींत घालतो व घरीं जाऊन दोष शोधतो, तोच या विद्येचा खरा विद्यार्थी. त्याच्या या कृतीस टाळ्या पडत नाहींत. पण मैदानावर आलेलें प्रत्येक मूल संध्याकाळीं सुखरूप घरीं परततें, त्यांत त्याचा मोठा वांटा असतो.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे येऊं. अभ्यासाचें काय भलें होणार? गणितांतील वर्ग व घन यांचें प्रमाण, न्यूटनचे नियम, उष्णता, धातूंचे गुण, विजेचीं मंडलें, हे सर्व विषय पुस्तकांत वेगवेगळ्या पानांवर असतात. विमानांत ते एकत्र येतात व एकमेकांस जाब विचारतात. येथें अर्धें बरोबर आलेल्या उत्तरास अर्धे गुण मिळत नाहींत. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ व आढळलेले दोष वहींत टिपून ठेवण्याची संवय लागते. आणि श्रेक्लिंग यांच्यासारख्यांनीं आपलें ज्ञान उघड केलें म्हणूनच इतरांस पुढें जातां आलें, हाहि धडा त्यांत आहे.

परंतु विद्यार्थ्यांनीं एकदम टर्बाइनाच्या मागें लागूं नये, हें आम्ही निक्षून सांगतों. तें महाग आहे, धोक्याचें आहे, व जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून त्यास हात लावणें सर्वथैव अनुचित आहे. राकेल, वायु व घरगुती डबे घेऊन असलें यंत्र करण्याचा प्रयत्न कोणीहि करूं नये. आरंभ बाल्साच्या किंवा पुठ्ठ्याच्या साध्या घसरत्या विमानापासून करावा. नाकावर मेणाचा गोळा लावून गुरुत्वमध्य पुढें-मागें सरकवावा व विमान कसें जातें तें पाहून वहींत लिहावें. मग विजेच्या मोटारीचें छोटें विमान, मग मोठें, अशा पायऱ्या चढाव्या. व्हिटल यांच्या हातांतहि प्रथम नमुना-विमानच आलें होतें. इंजिन मागाहून आलें.

विद्यार्थ्यांनीं स्वतः सोडविण्याकरितां तीन उदाहरणें खालीं देतों.

१. एका विमानाच्या टाकींत ३ लिटर इंधन मावतें. इंजिन सरासरी मिनिटास २५० मिलिलिटर इंधन खातें. चौथा हिस्सा राखून ठेवावयाचा असल्यास वैमानिकानें घड्याळ किती मिनिटांचें लावावें?

२. एका विमानाचीं सर्व मापें दुप्पट केलीं व वजन आठपट झालें. हवेंत टिकून राहण्यास लागणारा किमान वेग पंखाच्या दर चौरस एककावरील भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. तर तो वेग कितीपट होईल?

३. उतरतांना विमानाचा वेग सेकंदास २५ मीटर आहे व इंजिनास पूर्ण जोर येण्यास ४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत विमान किती पुढें जाईल?

उत्तरें : (१) ९ मिनिटें. (२) सुमारे १.४१ पट. (३) १०० मीटर.